मुठेल आणि बहात्तर टक्के

आमच्या गुहागरात अजूनही कुठल्याही चॉकलेटला कॅडबरीच म्हणतात. नुसतं 'चॉकलेट द्या' म्हटलं तर दुकानदार लिमलेटच्या गोळ्यांची बरणी पुढे सरकवतो. माझीही मजल तिथवरच होती. मी घरी आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि आंबापोळी करून विकते, त्यात चॉकलेटचा काय संबंध? पण गेल्या दिवाळीत गोरेगावच्या भाचीने एक पातळशी वडी आणली, तिच्या वेष्टणावर लिहिलं होतं 'कोकम आणि मीठ'. साठ ग्रॅम, किंमत साडेतीनशे रुपये. माझी किलोभर आमसुलं बरोब्बर तेवढ्यालाच जातात. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, हे कबूल करते.

तेव्हाच ठरलं की मे महिन्यात मुंबईला जायचं, ही दुकानं डोळ्यांनी बघायची, आणि येताना गाडीने न येता किनाऱ्याकिनाऱ्याने यायचं. कारण श्रीवर्धनला माझे एक चुलतदीर आहेत आणि त्यांच्या वाडीत पोफळींच्या मध्ये कोकोची बारा झाडं आहेत. रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, ऐन हंगाम सोडून निघाले म्हणून घरात बोलणी खाल्ली ती वेगळीच.

पहिला दिवस : मुंबई

चिपळूणहून कोकणकन्या पकडली, सकाळी सहाच्या सुमारास सीएसएमटी. भाची स्टेशनावर न्यायला आली होती. आंघोळ-नाश्ता उरकून दहा वाजता आम्ही फोर्टातल्या एका जुन्या दगडी इमारतीतल्या दुकानासमोर उभ्या. दार उघडलं तर भाजलेल्या दाण्यांचा वास, आणि त्याच्या मागून किंचित आंबूस, ताडीसारखा.

काचेपलीकडे स्टीलची तीन गोल भांडी घरघरत होती. मी जवळ जाऊन बघते तर काय, "अगं, हा तर इडलीचा ग्राइंडर!" भाचीने मला कोपराने ढोसलं, पण आतला मुलगा हसला. म्हणाला, "बरोबर ओळखलंत काकू." कोइमतूरकडे डोशाचं पीठ वाटायला जे दगडी ग्राइंडर बनतात, तेच थोडे दणकट करून या धंद्यात वापरतात. परदेशातल्या लहान चॉकलेटवाल्यांनीही इथूनच नेले. कोकोचा भाजून सोललेला गर आणि साखर त्यात घालायची आणि दोन-दोन, तीन-तीन दिवस न थांबता फिरवत ठेवायची. कण वीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली गेला की जिभेला रवा लागत नाही. पाणी थेंबभरसुद्धा चालत नाही, सगळा गोळा आवळून बसतो. मला आमच्या आंबापोळीच्या ताटाची आठवण झाली. तिथेही ओल्या हाताने शिवलं की बुरशी.

मग चव बघायचा कार्यक्रम. पांढऱ्या बशीत नखाएवढे तुकडे: एक केरळातल्या इडुक्कीचा, एक आंध्रातल्या पश्चिम गोदावरीचा, दोन्ही बहात्तर टक्के. टक्के म्हणजे कोकोचे, उरलेली साखर. "चावू नका, जिभेवर ठेवा," असं तो सांगेपर्यंत माझा पहिला चावून गिळून झाला होता. दुसरा ठेवला. खरंच फरक होता. इडुक्कीचा सुक्या करवंदासारखा आंबटसर, गोदावरीचा खमंग, शेंगदाण्याच्या कूटाकडे झुकणारा. दोन्हींत बाहेरून काहीही घातलेलं नाही. झाड, माती, आणि बिया किती दिवस आंबवल्या यावरून हा फरक पडतो म्हणे. एकाच हापूसची देवगडची आणि आमची चव वेगळी लागते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटू नये. मला थोडं वाटलं.

फळीवर सगळा देश मांडला होता. ऑरोव्हिलचं मेसन अँड को, मैसूरचं नविलुना, कोचीचं पॉल अँड माइक. त्यांची स्वतःची वेगळीच कलाकुसर: गुंटूर मिरची, फिल्टर कॉफी, गंधराज लिंबू, तिळाची चिक्की, तूप आणि जाडं मीठ. तूप-मिठाची वडी मला फार आवडली. पान-गुलकंदाची अजिबात नाही, ती पान खाल्ल्यासारखीही लागत नाही आणि चॉकलेट खाल्ल्यासारखीही नाही.

आणि रातांबा. पिकलेल्या रातांब्याच्या रंगाने रंगवलेला, चकचकीत, गोटीएवढा. आत कोकमाचा पातळ गर. एक घेतला, दोघींत अर्धा अर्धा. वरचं कवच कडकन फुटलं आणि आतलं आंबट जिभेवर आलं. छान होता, पण आमसूल कच्चं होतं. रातांब्याची सालं आगळात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची, अशी चार-पाच पुटं दिल्याशिवाय आमसूल काळं पडत नाही आणि त्याला खोली येत नाही. या बिचाऱ्याला एकच पूट मिळालं होतं. मी तसं सांगितलं, तर त्या मुलाने वही काढून लिहून घेतलं. पोरगा गुणी.

दुपारी वांद्र्याला. तिथल्या दुकानाचं नाव सांगत नाही. एसी इतका की मी पदर लपेटून घेतला. फ्रेममध्ये लावावीत अशी रंगीत चॉकलेटं, आणि विकणाऱ्या मुलीला मराठीही नको आणि हिंदीही नको. एक वडी घेतली, बाहेर येऊन उघडली तर तिच्यावर जुन्या भिंतीसारखे पांढुरके डाग. परत नेली तर "दॅट्स नॅचरल" म्हणून बोळवण. भाची तणतणत बाहेर आली. तिने रस्त्यात समजावलं ते असं: कोकोच्या तुपाचे स्फटिक सहा तऱ्हांनी बसू शकतात. त्यातली पाचवी तऱ्हा हवी, तरच वडी चकाकते आणि कडकन मोडते. त्यासाठी चॉकलेट आधी पंचेचाळीस अंशांच्या पुढे तापवायचं, मग अठ्ठावीसच्या खाली उतरवायचं, मग परत एकतीस-बत्तीसवर आणायचं. याला टेंपरिंग म्हणतात. यात चूक झाली किंवा नंतर कुठे वडी वितळून पुन्हा गोठली की तूप वर येऊन पांढरं पडतं. खाल्ल्याने काही होत नाही. पण साडेचारशे रुपये मोजून भिंत कोण चाटेल?

संध्याकाळी क्रॉफर्ड मार्केट. साचे आणि थर्मामीटर घ्यायचा होता. तिथे लाद्याच्या लाद्या रचलेल्या, आणि त्यातल्या बहुतेक 'कंपाउंड'. म्हणजे कोकोचं मूळ तूप काढून त्या जागी दुसरं वनस्पती तेल घातलेलं. त्याला टेंपरिंगची कटकट नाही, उन्हात लवकर मान टाकत नाही आणि स्वस्त. दिवाळीत चांदीच्या कागदातली 'होममेड चॉकलेट्स' येतात ती बहुतेक याचीच. मी नावं ठेवणार नाही, आमच्या गावात त्यावर दोन घरं चालतात.

दुसरा दिवस : गेटवे ते श्रीवर्धन

या दिवसात प्रवासच फार. गेटवेहून मांडव्याची लाँच, मांडव्याहून त्याच तिकिटातली अलिबागची बस, पुढे रेवदंडा, मुरूड, आगरदांडा. तिथून जंगलजेटीने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीने, दिघी, आणि मग दिवेआगरवरून श्रीवर्धन. उजव्या हाताला जंजिरा दिसला. उन्हाने डोळे इतके दिपले होते की किल्ला पाण्यावर तरंगतोय असं वाटलं.

लाँचमध्ये भाची मोबाईलवर काहीतरी वाचत होती. एकदम म्हणाली, "मावशी, हे ऐक." युरोपात चॉकलेटचा कायदा आहे, २००० सालचा. कोकोच्या तुपाशिवाय दुसरी वनस्पतीची चरबी चॉकलेटमध्ये घालायची तर ती पाच टक्क्यांपर्यंतच, आणि तीही सहाच झाडांची. इलिपे, पाम, साल, शिआ, आंब्याची कोय आणि कोकम.

"कोकम म्हणजे आपलं कोकम?"

"आपलंच. गार्सिनिया इंडिका. बियांचं तेल."

मुठेल! गोव्याकडे भिरंडेल म्हणतात ते. थंडीत टाचा फुटल्या की आमच्याकडे घरोघरी त्याची गोळी निघते. आत्याबाई दिव्यावर पळीत वितळवून पायांना चोपडायच्या. ते युरोपच्या कायद्यात जाऊन बसलंय आणि आम्ही ते टाचांत भरतोय. लाँचच्या आवाजात मी इतकी मोठ्याने हसले की समोरच्या बाईंनी मुलाला जवळ ओढलं.

घेतलेल्या वड्यांपैकी तीन भाचीने बर्फाच्या डब्यात ठेवल्या होत्या, बाकी सहा माझ्या पिशवीत. दिघीला उतरल्यावर पिशवीत हात घातला तर सगळं लपलपतंय. मिरची, कॉफी, तीळ, सगळ्या जातीधर्मांचा एकच लगदा. कोकोचं तूप चौतीस अंशांच्या आसपास वितळतं. तोंडात वितळावं म्हणून निसर्गाने केलेली सोय. आमच्या मे महिन्यात मात्र सावलीतसुद्धा चौतीस असतं, एसटीच्या टपाखाली तर विचारूच नका. लगदा आम्ही श्रीवर्धनच्या पोरांना पोळीबरोबर दिला. त्यांनी तक्रार केली नाही.

तिसरा दिवस : श्रीवर्धन

पहाटे उठून वाडीत. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, पण ही वाडी आता पूर्वीची राहिली नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यात भाऊजींच्या अर्ध्याहून जास्त पोफळी आणि वीस माड आडवे झाले. नवीन लावलेल्या आता कुठे डोक्यावर गेल्यात. ज्या भागातल्या उभ्या राहिल्या, तिथे सावली आहे आणि पाटाचं पाणी आहे, आणि तिथेच ही कोकोची बारा झाडं. भाऊजी कर्नाटकात पुत्तूरला गेले होते, कॅम्प्कोचा चॉकलेट कारखाना बघून आले. सुपारी बागायतदारांच्या या सहकारी संस्थेने १९८६ मध्ये तो काढला. त्या भागात पोफळींखाली कोको घेतात आणि संस्था तो विकत घेते. भाऊजी येताना रोपं घेऊन आले. घेणारी संस्था आणायची मात्र राहिली.

झाड बुटकं, पानं मोठी. फळं फणसासारखी थेट खोडाला लगडलेली, लांबट, खोबणीदार, पिकली की पिवळी. भाऊजींनी एक कोयत्याने हळूच फोडलं. आत पांढऱ्या बुळबुळीत गरात गुंडाळलेल्या तीस-पस्तीस बिया, कणसाच्या दाण्यांसारख्या ओळीत. गर चोखायला दिला. सीताफळात लिंबू पिळावं तसा गोड-आंबट. चॉकलेटचा तिथे मागमूस नाही. बी दाताने फोडली तर आत जांभळी आणि कडू जहर.

"मग चॉकलेटची चव येते कुठून?" माझा भाबडा प्रश्न.

भाऊजींनी पडवीतली टोपली दाखवली. केळीच्या पानांत गुंडाळलेल्या बिया, वर गोणपाट. सहावा दिवस. मी हात घातला आणि चटकन मागे घेतला, आत उकिरड्यासारखी ऊब होती. व्हिनेगरचा वास नाकात गेला. हा गर आंबून वाहून जातो, त्या उष्णतेने बी मरते, आणि तिथूनच पुढच्या चवीची सुरुवात होते. ढीग लहान असला तर पुरेशी उष्णता धरत नाही, ही भाऊजींची रड. बारा झाडांना ढीग मोठा होणार कसा? त्यात खारी आणि माकडं आधी आपला वाटा काढून घेतात. वाळलेली किलोभर बी हवी तर वीस-पंचवीस फळं लागतात. वर्षाचं उत्पन्न सात-आठ किलो. एवढ्यासाठी व्यापारी श्रीवर्धनला येत नाही.

दुसरी रड घरातली. कोकोची फुलं इवलीशी, खोडावरच येतात, आणि त्यांचं परागीकरण चिलटासारख्या बारीक माश्या करतात. त्या माश्या कुजणाऱ्या पाल्यात वाढतात. म्हणून झाडाखालचा पाला झाडायचा नाही. आणि आमच्या चुलतसासूबाई ऐंशीच्या घरात असूनही रोज सकाळी वाडी लख्ख झाडतात. "पाला तसाच ठेवायचा म्हणजे घर आहे की रान?" या प्रश्नावर भाऊजींकडे उत्तर नाही. बारापैकी चार झाडं त्यांनी आईच्या झाडूच्या टप्प्याबाहेर, विहिरीपलीकडे लावली आहेत. त्या चारांवरच फळं जास्त आहेत, हे मी मोजून आले.

दुपारी आधीच्या हंगामातल्या वाळलेल्या बिया काढल्या, दीड किलो. लोखंडी कढईत मंद आचेवर पाऊण तास भाजल्या. तडतडायला लागल्या आणि सगळ्या घरात तो वास पसरला, फोर्टातल्या दुकानाचा. गार झाल्यावर हाताने चुरडल्या, पण टरफलं काही सुटी होईनात. भाची म्हणाली, दुकानात यासाठी हवेचं यंत्र असतं, ती हेअरड्रायर लावून बघते. चुलतसासूबाई आतून सूप घेऊन आल्या. मांडी घालून बसल्या, चार झटके दिले, टरफलं अंगणात आणि गर सुपात. पाखडणं हे, त्याला यंत्र कशाला? अकरा-साडेअकराशे ग्रॅम स्वच्छ गर मिळाला. एक तुकडा त्यांनी तोंडात टाकला आणि थू करून टाकला.

चौथा दिवस : श्रीवर्धन ते गुहागर

बागमांडल्याहून वेश्वीची जेटी, वेश्वीहून एसटीने दापोली, तिथून दाभोळ, परत जेटीने धोपावे आणि मग घर. मे महिन्यातली गर्दी, दाभोळला गाड्यांची रांग चढणीवरपर्यंत. आम्ही पायी, त्यामुळे पहिल्याच फेरीत चढलो.

घरी पोचल्यावर आधी शेजारच्या काकूंकडे. मुठेल आता फार घरांत करत नाहीत, काकू करतात. रातांब्याच्या बिया धुऊन कडक वाळवायच्या, फोडून आतला गर कुटायचा, मग भरपूर पाण्यात उकळायचा. तेल वर येतं, ते रात्रभर तसंच ठेवलं की सकाळी पिवळट पापुद्रा धरतो. तो काढून, पुन्हा वितळवून गाळून, मुठीत दाबून गोळे वळायचे. मुठीत वळलेलं म्हणून मुठेल, असं काकू सांगतात. त्यांनी दोन गोळे दिले, वर बोटांचे ठसे तसेच.

"टाचा फुटल्या का ग मे महिन्यात?"

"नाही काकू, चॉकलेटात घालायचंय."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग भाचीकडे, आणि काही बोलल्या नाहीत.

माझा इडलीचा ग्राइंडर कोरडा ठणठणीत पुसला, उन्हात ठेवला. किलोभर गर आधी मिक्सरमधून काढला, मग थोडा थोडा ग्राइंडरमध्ये. सुरुवातीला दगड अडकायला लागले, तेव्हा भाचीचा हेअरड्रायर शेवटी कामाला आला. गरम हवा मारली तसं तूप सुटलं आणि सगळं काळ्या चिखलासारखं फिरायला लागलं. चारशे ग्रॅम पिठीसाखर घातली, मुंबईच्या हिशेबाने बहात्तरच्या जवळपास. रात्री साडेनऊला चालू केलं. दीडला वीज गेली, चारला आली. मध्ये पातेलं गरम पाण्यात धरून दोघी बसलो होतो.

पाचवा दिवस : गुहागर

दुपारी बारापर्यंत फिरवलं. जिभेला अजून बारीक रवा लागत होता. तीन दिवस फिरवायचा धीर आणि विजेचं बिल, दोन्ही माझ्याकडे नाही.

शंभर ग्रॅम बाजूला काढून त्यात वीस ग्रॅम मुठेल घातलं, अंदाजपंचे. मुठेल चाळीस अंशांच्या आसपास वितळतं आणि तोंड सदतीस अंशांचं. व्हायचं तेच झालं. वडी दगडासारखी बसली, पण तोंडात वितळेचना. मेणबत्ती खाल्ल्यासारखी टाळूला चिकटली. कायद्यात पाचच टक्के का, ते तेव्हा कळलं. उरलेल्यात मग मोजून पाच टक्के घातलं. टेंपरिंगला अठ्ठावीसच्या खाली उतरायचं होतं, स्वयंपाकघर तेहतीस. माठातलं पाणी सव्वीस भरलं, त्यात पातेलं धरून ढवळत बसलो. अर्ध्यात माझ्या चार पुटांच्या आमसुलांचे बारीक तुकडे आणि मीठ.

दोनला साच्यातून काढलेली एक वडी आणि बर्फाच्या डब्यातून जगलेली इडुक्कीची एक, दोन्ही पडवीत बशीत शेजारी ठेवल्या. थर्मामीटरवर चौतीस. वीस मिनिटांत इडुक्की बशीभर पसरली. आमची वाकली, कोपरा मऊ झाला, पण बोटांनी उचलता आली. बोटाला लागली, ते लागलीच. चकाकी यथातथाच, वर पांढरे पट्टे. वांद्र्याच्या मुलीची मला थोडी दया आली.

संध्याकाळी काकूंना नेऊन दिली. त्यांनी कवळी सांभाळत बराच वेळ चघळली.

"आमसूल झकास आहे. बाकी कडूच आहे, साखर चोरलीस काय?" मग थोडं थांबून, "आणि तो दुसरा गोळा उरला असेल तर परत दे हो. पावसात टाचा फार जातात माझ्या."